‘एस’चं कोष्टक आणि चार ट्रॉल्या

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, व्याख्यानमालेत हे शाळेतलं काय आणलं? इंग्रजी नामाचं अनेकवचन! चौथीतल्या पोराला विचारलं तरी तो सांगेल, ‘एस’ लावायचा, झालं. बरोबर आहे त्याचं. पण ‘झालं’ म्हटल्यानंतर जे पुढं सुरू होतं, त्याबद्दल मला बोलायचंय. आणि मी ज्याचं परीक्षण करणार आहे ते कुठलं एक पुस्तक नाही. ते एक कोष्टक आहे. इंग्रजीच्या जवळजवळ प्रत्येक मराठी गाईडमध्ये, व्याकरणाच्या पुस्तिकेत, क्लासच्या झेरॉक्समध्ये ते तुम्हाला सापडेल. डावीकडे एकवचन, उजवीकडे अनेकवचन, वर एकेक नियम. साधा ‘एस’. मग ‘ईएस’. मग ‘वाय’ काढून ‘आयईएस’. मग ‘एफ’ काढून ‘व्हीईएस’. आणि शेवटी अपवाद, ऑक्स-ऑक्सेन, माऊस-माईस, चाइल्ड-चिल्ड्रन. परीक्षेत प्रश्न येतो तो हमखास या शेवटच्या भागावर.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांच्या दोन पिढ्या या कोष्टकातून गेल्या. तेव्हा त्याच्याकडे जरा नीट बघायला हरकत नाही.

पहिली गोष्ट. हे कोष्टक अनेकवचनाचं नाहीच, स्पेलिंगचं आहे. ‘बेबी’चं ‘बेबीज’ होताना तोंडात काय बदललं? काही नाही. ‘बेबी’ तसंच राहिलं, पुढं ‘ज’ आला. ‘बॉय’चं ‘बॉइज’ होतं तसंच. ‘वाय’चा ‘आय’ होतो तो कागदावर, आणि तो केवळ अनेकवचनात होत नाही. ‘क्राय’ या क्रियापदाचं ‘क्राइज’, ‘क्राइड’ लिहितानाही तेच होतं. म्हणजे ही इंग्रजी लेखनाची एक सवय आहे, तिचा वचनाशी खास संबंध नाही. तरी आपण मुलाला ती अनेकवचनाचा नियम म्हणून शिकवतो, आणि जिथं अडचणच नव्हती तिथं एक अडचण उभी करतो.

‘ईएस’चं उलटं आहे. तिथं खरोखर काहीतरी घडतं, आणि कोष्टक तेच सांगत नाही. शेवटी एस, एसएच, सीएच, एक्स किंवा झेड आला तर ‘ईएस’ लावा, असं पाठ करायचं. का? कारण ही सगळी सिसकारी टाकणारी अक्षरं. ‘बस’ म्हणून झाल्यावर लगेच पुन्हा ‘स’ म्हणून बघा. म्हणता येतो का? ऐकणाऱ्याला कळतो का? नाही. म्हणून मध्ये एक स्वर घुसवायचा, ‘बसेस’. इतकं साधं कारण आहे. ते सांगितलं की पाठांतर संपलं. आता ‘पेज’, ‘हाऊस’, ‘ब्रिज’, ‘रोझ’ बघा. यांच्याही शेवटी तोच प्रकारचा आवाज आहे, यांनाही मधला स्वर लागतो. पण स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ आधीच असल्यामुळे लिहिताना नुसता ‘एस’ लावला की काम भागतं. म्हणून कोष्टकात हे शब्द ‘पेन’ आणि ‘कॅट’च्या रांगेत जाऊन बसलेत! मूल ‘पेजेस’ बरोबर म्हणतं ते कोष्टकामुळे नव्हे, बाहेर कुठंतरी ऐकलंय म्हणून. आणि ‘स्टमक’? शेवटी सीएच आहे, तेव्हा कोष्टक म्हणतं ‘ईएस’ लावा. चुकलं. तिथं सीएचचा आवाज ‘क’ आहे, सिसकारी नाही, म्हणून नुसता ‘एस’. कानाने शिकलेलं मूल इथं चुकत नाही. कोष्टकाने शिकलेलं चुकतं.

इंग्रजी अनेकवचनाचे आवाज तीन आहेत. ‘कॅट’ला स लागतो, ‘डॉग’ला झ लागतो, ‘बस’ला मधला स्वर घेऊन झ लागतो. इंग्रजी बोलणारं मूल हे कुणाकडून पाठ करत नाही. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांवर एक गमतीदार प्रयोग केला. एका काल्पनिक पाखरासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, हा ‘वग’. आता इथं दोन आहेत, दोन काय? मुलं म्हणाली, ‘वग्ज’. हा शब्द जगात कुणी कधी उच्चारलेला नव्हता, म्हणजे मुलांनी तो ऐकून पाठ केलेला असणं शक्य नव्हतं. नियम डोक्यात होता.

तोच खेळ आपण इथं खेळू. समजा एक नवं यंत्र आलंय, त्याचं नाव ‘डिफी’. ती डिफी. माझ्याकडं एक आहे, तुमच्याकडं दोन...? (सभागृहातून: डिफ्या!) बरोबर. तो ‘गबला’. दोन? (गबले!) ते ‘टिरकं’. दोन? (टिरकी!) बघा, कुणी वही काढली नाही. (हशा)

आणि हा खेळ आपल्या जिल्ह्यात रोज खेळला जातो. लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग जिल्हाभर कारखाने झाले, आणि ऊस वाहायला ट्रॅक्टर आले, ट्रॉली आली. हंगामात काट्यावर उभं राहून ऐका. ‘चार ट्रॅक्टर गेले, आठ ट्रॉल्या राहिल्या.’ ट्रॅक्टर पुल्लिंगी, शेवटी व्यंजन, म्हणून बैलासारखा चालवला: एक बैल, दोन बैल, एक ट्रॅक्टर, दोन ट्रॅक्टर. ट्रॉली ईकारान्त स्त्रीलिंगी, म्हणून नदीसारखी चालवली: नद्या, ट्रॉल्या. फाईल-फायली, बँक-बँका, नोट-नोटा, तिकीट-तिकिटं, कंपनी-कंपन्या. एसटीच्या तर ‘एसट्या’ झाल्या, एका सरकारी महामंडळाच्या आद्याक्षरांना आपण स्त्रीलिंगी करून अनेकवचनही दिलं! ज्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही तो माणूस हे करतो. वचनाची सगळी यंत्रणा त्याच्याकडे तयार आहे. कोष्टकवाल्याला मात्र वाटतं, समोरचं मूल म्हणजे कोरी पाटी.

हे कोष्टक असं का झालं, याला थोडा इतिहास आहे आणि तो आपल्या गावातूनच जातो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं. ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते हेच, आणि पुढं डेप्युटी कलेक्टर म्हणून ते इथं नगरला होते. दादोबांसमोर साचा होता तो बराचसा इंग्रजी व्याकरणाचा. दुसरीकडून अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ पासून नगरला होती. त्यांना मराठी शिकायची होती. त्यांच्यातल्या एबेनेझर बर्जेस यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १८५४ साली छापलं गेलं. सूर्यसिद्धान्ताचं इंग्रजी भाषांतर करणारे तेच हे बर्जेस. आता कल्पना करा, ज्याच्या भाषेत नामाला व्याकरणातलं लिंगच नाही, त्याला मराठी अनेकवचन शिकायचंय. भिंतीच्या भिंती होतात, पण विटेच्या विटा. का? काही कारण सांगता येत नाही. शाळा एक असली तरी शाळा, दहा असल्या तरी शाळा. अशा माणसाला कोष्टक लागतंच. परक्या भाषेत बाहेरून शिरणाऱ्या प्रौढासाठी ते ठीक आहे.

आणि दादोबांचेच आडनावबंधू द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. ज्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्र इंग्रजी शिकला ती यांची, लोक चुकून दादोबांच्या नावावर टाकतात. त्या पाठमालेला आज जुनाट म्हणून हसतात. पण तिच्यात एक शहाणपण होतं. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत, असं दोन्हीकडून जावं लागायचं. दोन भाषा एकमेकींच्या शेजारी उभ्या राहायच्या, मग फरक दिसायचा. आजच्या गाईडने पाठमालेची पद्धत टाकली आणि कोष्टक तेवढं ठेवलं. मराठी त्यात राहिली ती नियमाचं भाषांतर करण्यापुरती. मराठी मूल नेमकं कुठं अडखळेल, हा प्रश्न त्या कोष्टकाने कधी स्वतःला विचारलेलाच नाही.

मग मूल अडखळतं कुठं? ऑक्सेनवर नाही. ऑक्सेन आयुष्यात किती वेळा लागणार?

ते अडखळतं दाण्यावर. आपल्या घरातलं धान्य घ्या. आई म्हणते, तांदूळ निवडले, गहू निवडले. अनेकवचन. पण ज्वारी निवडली, बाजरी निवडली. एकवचन. तेच तांदूळ शिजले की ‘भात शिजला’, पुन्हा एकवचन! आणि पोहे नेहमी अनेकवचनी. आता या मुलाला इंग्रजीत सांगतात, ‘राइस’ अनेकवचनी होत नाही, कारण तो मोजता येत नाही. मुलाला प्रश्न पडतो, गहू मोजता येत नाही तर मग ‘ओट्स’ कसे मोजले? इंग्रजीत व्हीट एकवचनी आणि ओट्स अनेकवचनी. दाणा दोन्हीकडे दाणाच. म्हणजे ‘मोजता येतं ते अनेकवचनी’ हे कारण तितकंसं खरं नाही. कुठल्या वस्तूकडे ढीग म्हणून बघायचं आणि कुठल्या वस्तूकडे दाणे म्हणून, हे प्रत्येक भाषा आपल्यापुरतं ठरवते. मूल ‘माय हेअर्स आर ब्लॅक’ लिहितं, कारण मराठीत केस काळे असतात, काळा नसतो. ‘अॅडव्हायसेस’ लिहितं, कारण आपल्याकडे सल्ले असतात, आणि फुकटचे भरपूर असतात. ‘लगेज’ मात्र बरोबर लिहितं, कारण सामान आपल्याकडेही एकवचनीच. म्हणजे कुठं चुकेल आणि कुठं नाही, हे मराठीवरून आधीच सांगता येतं. अशी यादी करायला एक दुपार पुरे. मला ती एकाही गाईडमध्ये दिसलेली नाही.

इंग्रजीही याबाबतीत काही धुतल्या तांदळासारखी नाही. (हशा) ‘पीज’ म्हणजे वाटाणे. जुन्या इंग्रजीत ‘पीज’ हा शब्द एकवचनीच होता, त्यातला शेवटचा आवाज मूळ शब्दाचाच. लोकांना वाटलं हा अनेकवचनाचा ‘एस’ आहे, म्हणून त्यांनी तो काढला आणि ‘पी’ हा नवा शब्द तयार झाला. आपण ‘लेडीज’चं बरोबर उलटं केलं. अनेकवचनाचा आवाज शब्दातच मुरवला, आणि बसमध्ये ‘एक लेडीज उभी आहे, जागा द्या’ म्हणतो. त्याला हसणारे पुष्कळ भेटतात. ‘पी’ला कुणी हसत नाही, कारण ती चूक इंग्रजांनी केली.

‘चिल्ड्रन्स’ची कथा अशीच. बालवाडीच्या पाटीवर ‘चिल्ड्रन्स’ दिसलं की आपण नाक मुरडतो. पण ‘चिल्ड्रन’ हेच मुळात दुहेरी अनेकवचन आहे. चाइल्डचं जुनं अनेकवचन ‘र’ने झालेलं होतं. पुढं लोकांना त्यात अनेकवचन ऐकू येईना, तेव्हा ऑक्सेनमधला ‘एन’ त्याला वरून जोडला. आपण त्यावर तिसरा मजला चढवतो. परीक्षेत ते चूकच धरावं लागेल, मी उदार व्हायला सांगत नाही. पण ती चूक का होते हे शिक्षकाला माहीत असावं. जुन्या इंग्रजीत तर ‘बुक’चं अनेकवचनही ‘फूट-फीट’च्या चालीवर होतं. ते टिकलं असतं तर आज आपण ‘टू बीक’ पाठ करत असतो. म्हणजे अपवाद हे काही इंग्रजीचं सौंदर्य वगैरे नाही. ते न झाडलेलं माळ्यावरचं सामान आहे. परीक्षक मात्र नेमका माळ्यावर चढतो.

कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे. सहलीवरून आलेल्या मुलाने लिहिलं, ‘आय सॉ मेनी डीअर्स’. शिक्षक ‘एस’वर काट मारतात आणि सांगतात, हा अपवाद आहे, पाठ करा. पण मराठीत काय होतं? एक काळवीट, दोन काळवीट. तसंच की! ‘डीअर’ आपल्या काळविटासारखा चालतो आणि ‘शीप’ बैलासारखा. फक्त एक फरक आहे. आपल्या बैलाचं अनेकवचन लपलेलं असतं, नाहीसं झालेलं नसतं. विभक्ती लावा, बाहेर येतं: बैलाला, बैलांना. एक टिंब सगळं सांगतं. इंग्रजीत ते टिंब नाही, त्यामुळे एक शीप की अनेक, हे क्रियापदावरून नाहीतर संख्येवरून ओळखावं लागतं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि मग अपवादांच्या यादीतले निम्मे प्राणी ओळखीचे होतात.

आता मला ज्याचं सगळ्यांत वाईट वाटतं ते. ‘माय फॅमिली’ हा निबंध. खेड्यातल्या शाळेतली वही उघडा. ‘माय मदर इज फार्मर’ आणि पुढच्याच ओळीत ‘माय फादर आर फार्मर’. ‘आर’वर लाल फुली. शिक्षक म्हणतात, अरे, आत्ता वर ‘इज’ लिहिलंस ना? लक्ष कुठं असतं तुझं? पण लक्ष अगदी जागेवर आहे. मराठीत आई ‘आहे’ आणि वडील ‘आहेत’. आई आली, वडील आले. वडिलांना आपण अनेकवचनात ठेवतो, सरांना ठेवतो, मॅडम आल्या म्हणतो. आईला बहुतेक घरांत एकेरीच. मुलाने घरातली ही सगळी व्यवस्था, मानाची आणि जवळिकीची, इंग्रजी क्रियापदात जशीच्या तशी उतरवलीय. त्याला दोन गोष्टी सांगायला हव्यात: तुझं व्याकरण पक्कं आहे, आणि इंग्रजीत मान वचनाने देत नाहीत. त्याऐवजी त्याला ‘निष्काळजी’ हा शेरा मिळतो. असे शेरे पाच-सात वर्षं गोळा झाले की ते पोर ठरवून टाकतं की इंग्रजी आपल्याला येणार नाही. मग कुणाशी बोलायची वेळ आली की ते गप्प बसतं. मला अनेकवचनाबद्दल एक तास बोलावंसं वाटलं ते यासाठी.

याची दुसरी बाजू आपल्या मराठी लिहिण्यात दिसते, ती थोडक्यात सांगतो. कोष्टकाचा दरारा इतका की हल्ली छापील मराठीत ‘फाईल्स’, ‘सायकल्स’, ‘टीचर्स’, ‘बसेस’ सर्रास येतात. फायली आणि सायकली गावठी वाटायला लागल्यात. गंमत म्हणजे तो ‘एस’ही आपण आपल्या कानाने लावतो. स्वरानंतर आला की ज: शूज, लेडीज, कुकीज. व्यंजनानंतर आला की स: गेम्स, फ्रेंड्स, वेफर्स, जीन्स. इंग्रजीत या सगळ्यांत झ आहे. म्हणजे तिथंही मराठीचा नियम गुपचूप चालू आहेच. पण ‘फायलींमध्ये’ म्हणताना सामान्यरूप होतं, टिंब येतं, भाषेची सगळी चाकं फिरतात. ‘फाईल्समध्ये’ म्हटलं की काहीच फिरत नाही, नुसता डबा जोडलेला. मला ‘एसट्या’ हा शब्द ‘बसेस’पेक्षा जास्त आवडतो, आणि तो छापायला कुणी लाजू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक चिठ्ठी आलीय. ‘पीपल हे अनेकवचनच आहे, तर पीपल्स कसं होतं?’ चांगला प्रश्न. ‘पीपल’ म्हणजे माणसं, आणि ‘पीपल्स’ म्हणजे निरनिराळे जनसमूह, लोकसमुदाय. पण याच्याच शेजारी आपला ‘लोक’ ठेवून बघा. लोक पुल्लिंगी, शेवटी अकार, म्हणून अनेकवचनातही लोक. ‘लोक आले.’ शुद्धलेखनवाले हेच बरोबर मानतात. तरी बोलताना आपण निम्मे जण काय म्हणतो? ‘लोकं आली’. मीही म्हणतो. अनेकवचन आहे पण ऐकू येत नाही, म्हणून नपुंसकलिंगाचं टिंब वरून लावलं, ‘घरं’, ‘माणसं’ यांच्या चालीवर. ‘चिल्ड्रन’ला ‘एन’ जोडणाऱ्या जुन्या इंग्रजांनी केलं तेच. ते शब्दकोशात गेलं, आपलं अजून लाल शाईत आहे.

पुढची चिठ्ठी?... नाही? बरं, मग थांबतो.